दहा मानकऱ्यांनी मोटारीचे शिर आवळिले त्याची हकीकत

ज्याचे शिर एकवार उतरले आणि दुसरे बसविले ते पक्के बसले, त्या गजवदनास आधी नमन. ते शिर बसविणारा प्रत्यक्ष महादेव. त्यास कोणी मानकरी आडवा आला नाही, म्हणोन काम तडीस गेले. दुसरे नमन ऐकणारास, की त्याने मधूनच उठोन जाऊ नये. हकीकत गोड नाही, हे आधीच सांगोन ठेवितो.

शके अठराशे चौसष्ट, चित्रभानू नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी घाटाखाली श्रीमंत रायाजीराव सरकार राज्य करीत होते. राज्य म्हणावे तर केवढे, सकाळी घोड्यावर बसावे आणि दुपारची भाकरी पलीकडच्या हद्दीत खावी. परंतु मान थोर. कोठारात धान्य नसले तरी चालेल, मानात उणे पडता नये, ऐसी त्या राज्याची रीत. सरकारांपाशी एक तांबडी मोटार होती, दोन आसनांची, ठेंगणी, शर्यतीच्या जातीची. तरुणपणी हौसेने विलायतेहून आणविली, आणि आता धनी म्हातारा आणि मोटारही म्हातारी, परंतु ताठा दोघांचाही उतरला नव्हता. सरकारांची मांडी एकदा घोड्यावरून पडोन मोडली, ती वाकडी सांधली, तेव्हापासोन घोडे सुटले आणि पालखीचे हिसके सोसवेनात, सबब बाहेर जाणे ते याच मोटारीतून. राज्यात दुसरी मोटार नाही. तिची देखरेख करावयास दस्तगीर मिस्त्री नेमिला होता. हात चांगला, तोंड त्याहून चांगले, आणि आपणही कोणी सरदारच आहो ऐसा त्याचा भाव.

त्या साली दसऱ्याचे सीमोल्लंघनास सरकार मोटारीतून निघाले, आणि वेशीशी पोचतात न पोचतात तो मोटार खोकू लागली, आणि मागील नळीतून पांढरा वाफारा सुटला, आणि मग ती तेथेच मटकन बसली. मिस्त्रीने तेल पाहावयाची सळई उपसोन पाहिली तो तेल दुधाळ चहासारखे जाहलेले. तो म्हणाला, "ग्यासकीट उडालं, हुजूर." आता ग्यासकीट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंजिनास खाली धड असते आणि वर शिर असते, आणि दोहोंचे मध्ये तांब्याचे एक पातळ पान असते, त्यास भोके पाडलेली. आग, तेल आणि पाणी या तिघांनी आपापल्या वाटेने जावे, एकमेकांच्या घरात शिरो नये, इतका बंदोबस्त ते पान राखिते. ते फुटले की तिघांचा कालवा होतो आणि मग मोटार कसली, नुसते लोखंड. सरकारांस हे सर्व ठाऊक होते. तरुणपणी त्यांनी स्वतः बाह्या सारोन हे इंजिन उलगडिले होते आणि जोडिले होते, आणि ते दिवस आठवले म्हणजे त्यांच्या तोंडावर अजोन हसू येत असे.

मग शिर उतरविले. ते उष्णतेने वाकले होते, ते तासून सपाट करावयास बंदरात पाठविले, आणि नवे ग्यासकीट शोधावयास माणूस गेला. सात समुद्रांवर लढाई पेटलेली, माल येईना. शेवटी एका दुकानदाराच्या माळ्यावर धुळीत पडलेला एकच नग मिळाला. तो रेशमी रुमालात गुंडाळोन आणिला, यात दिवाळी गेली आणि थंडी पडली. आणि ज्या दिवशी शिर बसवावयाचे, नेमक्या त्याच दिवशी सकाळी घाटमाथ्यावरून जासूद आला.

सरकारांस लेक एकच, गुणाऊ अक्कासाहेब. ती घाटमाथ्यावरच्या राज्यात दिली होती. लग्नाच्या दिवशी पंगतीत वरपक्षाने आपल्या सरकारांच्या दहा मानकऱ्यांतील पहिले निंबाजीराव वाघजाळे यांस उजवीकडे न बसविता डावीकडे पाट मांडिला, आणि निंबाजीराव ताटावरून उठले, आणि ते उठले म्हणोन बाकीचे नऊ उठले, आणि मग सरकारांसही उठणे प्राप्त जाहले. भरल्या मांडवातून बाप उपाशी परत फिरला. लेक हळदीच्या अंगाने पाहात राहिली. पुढे वर्षे गेली, तिला मुले जाहली, एक गेले, एक राहिले, परंतु सरकारांनी घाट चढला नाही आणि लेकीस माहेरी बोलाविले नाही. मनातून रोज आठवण काढीत, परंतु आठवण काढावयास मानकरी लागत नाहीत, जावयास लागतात.

जासूद उभाच राहिला. सरकार म्हणाले, "बोल."

"अक्कासाहेबांचं दुखणं हाताबाहेर गेलंय, सरकार. वैद्यांनी हात टेकले. त्या म्हणाल्या, आबांना म्हणावं, बाकी काही मागत नाही, एकदा तोंड दाखवून जा."

"आणि विहीणबाई काय म्हणतात?"

"त्यांनीच घोडं दिलं, सरकार. म्हणाल्या, पाणी प्यायलासुद्धा थांबू नकोस."

सरकार उठले. मग काठी टेकीत पागेत गेले. तेथे मोटारीचे शिर पाटावर ठेविले होते, ग्यासकीट शेजारी, आणि दस्तगीर धडाचा माथा फडक्याने पुसत होता. सरकार म्हणाले, "कधी होईल?" तो म्हणाला, "दिवस मावळायच्या आत शिर बसवतो. सकाळी उजाडता निघालो तर न्याहारीला अक्कासाहेबांपाशी." बैलगाडीने जावे तर वाटेत दोन मुक्काम, आणि जासुदाच्या तोंडावरून दिसत होते की तितका अवकाश नाही. तेव्हा सारी भिस्त त्या तांब्याच्या पानावर येऊन पडली.

आता त्या राज्यात एक वहिवाट होती. दरवाजा असो, तोफ असो, कोठार असो, सरकारवाड्याची कोणतीही वस्तू उघडोन पुन्हा मिटविली, तर शेवटचा आवळ दहा घरच्या दहा मानकऱ्यांनी आपापल्या हाताने द्यावा, मानाच्या क्रमाने द्यावा, आणि ज्याने जो खिळा मारिला त्यावर त्याने लाखेची मुद्रा करावी. पहिला मान उजव्या हाताच्या पुढील कोपऱ्याचा, तो वाघजाळ्यांचा. तेथून रांगेने शेवटपर्यंत. आणि दैवाची करणी पाहा, त्या इंजिनाचे शिर धरावयास बोल्ट होते ते नेमके दहा. नऊ असते अथवा अकरा असते तर भांडणातच दिवस मावळता आणि मिस्त्री आपले काम उरकोन मोकळा होता. दहा होते म्हणोन सगळ्यांस वाटले की मोटार करणाराने आपल्या राज्याकडे पाहोनच केली.

दुपारी दहाही मानकरी पागोटी बांधोन पागेत हजर जाहले. मिस्त्रीने ग्यासकीट ठेविले, वर शिर ठेविले, बोल्ट बोटाने फिरवोन बसविले, आणि मग हात जोडोन म्हणाला, "हुजूर, एक अर्ज आहे. हे बोल्ट मधून आवळत बाहेर यायचं असतं. मधले दोन आधी, मग एक या अंगाचा, एक त्या अंगाचा, आणि तेही तीन खेपांत, थोडं थोडं. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर शिर एका बाजूनं दबतं, दुसरीकडं उचलतं. पान नीट बसत नाही."

निंबाजीराव वाघजाळे म्हणाले, "म्हणजे आम्ही शेवटी?"

"शेवटी नाही, सरदारसाहेब. तो कोपरा शेवटी."

"कोपरा आमचाच आहे. पणज्यापासनं आहे."

तेव्हा कारभारी विसाजीपंत पुढे जाहले. पंत मोठे मुत्सद्दी. ते म्हणाले, "यात अवघड ते काय? मधला बोल्ट म्हणजे गाभाऱ्याचा मान. आजपासून पहिला मान मधला, असं ठरवू. वाघजाळ्यांनी मधला घ्यावा." सरकारांस हायसे वाटले. परंतु मधले दोन होते, आणि दुसऱ्या मानाचे धनी हैबतराव रणभारे लगेच म्हणाले, "मग दुसरा मधला माझा. पण तो त्यांच्या डावीकडं येतो. रणभारे आजवर वाघजाळ्यांच्या मागं उभे राहिलेत, डावीकडं कधीच नाहीत." त्यावर निंबाजीराव म्हणाले की कोपरा सोडला तर उद्या तोही कोणी मागेल. शेवटचे मानकरी बिचारे थकलेले, त्यांस धड ऐकू येत नसे. ते म्हणाले, आम्हांस काहीही द्या, पण मागोन द्या, पुढे नको, सवय नाही. आणि ऐसा गलका जाहला की मिस्त्रीनेही तोंड घातले, "मला विचाराल तर पहिला आवळ माझ्याच हातचा हवा, इंजिन मी उतरवलंय," आणि मग तर सगळे मिळोन त्याच्यावरच उलटले.

शेवटी निंबाजीराव सरकारांकडे वळोन शांतपणे म्हणाले, "सरकारांची मर्जी. मिस्त्रीनं आवळायचं असेल तर आवळू दे. आम्ही घरी जातो. उद्या घाट चढायचाय तो मिस्त्रीला घेऊन चढावा."

येथे बखर लिहिणारास थांबावे लागते, कारण सगळे येथेच जाहले. सरकारांस ठाऊक होते की मिस्त्री खरे बोलतो. कोपऱ्यापासोन आवळिलेले शिर कसे दगा देते ते त्यांनी तरुणपणी एकदा स्वतः पाहिले होते. एक शब्द बोलावयाचा, "मधून," इतकेच. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे व्याह्याचा दरवाजा आला, आणि त्या दरवाजात विहीणबाई उभ्या, आणि समोर दोन आसनांच्या मोटारीतून एक लंगडा म्हातारा उतरतो, मागे घोडा नाही, भालदार नाही, कोणी नाही. ज्या दारातून दहा सरदारांसह उठोन आलो त्या दारात एकटे जावे, याची त्यांस भीती वाटली. लाज म्हणा, भीती म्हणा, एकच. आणि मग मनुष्य जे स्वतःस सांगतो ते त्यांनीही सांगितले की येवढ्या तेवढ्याने काय होते, लोखंडच ते, एक चढ तर काढील. आणि म्हणाले, "वहिवाटीप्रमाणे होऊ द्या."

मग पाना निंबाजीरावांचे हाती गेला. त्यांनी कोपरा आवळिला तो ऐसा की मानेच्या शिरा फुगल्या. हैबतरावांनी पाहिले आणि त्यांनी पान्यावर अंगाचा सारा भार टाकिला, कारण रणभाऱ्यांचा आवळ वाघजाळ्यांहून ढिला म्हणोन कोणी म्हणता कामा नये. तिसऱ्याने पान्यास लोखंडी नळी लावोन जोर केला. मग पुढल्यांचा उत्साह उतरत गेला, आणि शेवटच्या थकलेल्या मानकऱ्यांनी पान्यास हात लाविला, नमस्कार केला, आणि पाना परत दिला. पुढचा कोपरा दगडासारखा आणि मागचा बोटाने फिरेल ऐसा, इतके अंतर. दस्तगीर बघत होता आणि दातओठ खात होता. मग प्रत्येकाने आपापल्या बोल्टावर लाख वितळवोन मुद्रा उठविली, आणि पानसुपारी जाहली, आणि सगळे समाधानाने घरोघर गेले.

दिवेलागणीस दस्तगीर सरकारांपाशी आला. त्याचा नेहमीचा तोरा नव्हता. म्हणाला, "हुजूर, मुद्रा फोडतो, सगळे बोल्ट सैल करतो, आणि पुन्हा मधून आवळतो. लाख परत लावतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

सरकार म्हणाले, "मुद्रा कुठल्या आणणार? त्यांच्या बोटांत आहेत त्या."

"मग बिनमुद्रेचं चालू द्या."

"सकाळी ते बघतील. फोडलेली मुद्रा बघितली की दहा घरं फुटतील, दस्तगीर."

"आणि घाटात पान फुटलं तर?"

सरकारांनी दिवा पुढे ओढोन वात सारखी केली. दस्तगीर उभा राहिला, मग मुजरा करोन गेला. त्याने ठरविले असते तर गुपचूप काम केले असते आणि सकाळी शिव्या खाल्ल्या असत्या. परंतु दुपारी चारचौघांत त्याचाही पाणउतारा जाहला होता, तो त्याच्या मनात सलत होता. तोही म्हणाला, मरो, त्यांची मोटार, त्यांचा मान. दोष द्यावयाचा तर कोणासच सोडिता येत नाही.

उजाडता मोटार सुरू जाहली. आवाज तोच जुना, वाघासारखा, सारी पेठ दारात येऊन पाहू लागली, आणि सरकारांचा चेहरा खुलला. शेजारी दस्तगीर चाक धरोन, मागे दहा घोडी मानाच्या क्रमाने. सपाटीवर मोटार झकास चालली. सरकार म्हणाले, "बघ, उगाच घाबरवत होतास." दस्तगीरचा डोळा पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या काट्यावर होता. मग घाट लागला आणि मोटार गर्जत एकेक वळण चढू लागली, आणि दरीतून आवाज दुप्पट होऊन परत येऊ लागला, आणि घोडी मागे पडली. निम्मा घाट सरला. मग काटा हलला. दस्तगीरने वेग कमी केला, तरी काटा चढतच राहिला, आणि मग गोडसर वास सुटला, लाख जळाल्याचा. दस्तगीर म्हणाला, "मुद्रा वितळल्या, हुजूर." आणि मागील नळीतून पांढरा वाफारा सुटला, तो इतका दाट की वळण दिसेना. सरकार म्हणाले, "थांबू नको. वर ने." तो म्हणाला, "नेतो, जाईल तोवर नेतो." माथा दिसू लागला होता. व्याह्यांच्या वाड्याची कौले दिसू लागली होती. तेथे इंजिन एकदा आचकले, दोनदा आचकले, आणि बंद पडले.

दस्तगीरने खाली उतरोन झाकण उघडिले. मागच्या कोपऱ्यातून पाणी पाझरत होते आणि तांबडी लाख शिरावरून ओघळोन खाली ठिबकत होती. सरकार म्हणाले, "काही होईल?" तो म्हणाला, "नाही."

मग सरकार काठी टेकीत चालू लागले. मोडलेली मांडी चढास वळेना. दस्तगीरने खांदा दिला. तितक्यात मागून घोडी आली, आणि निंबाजीरावांनी म्हटले की सरकारांनी माझ्या घोड्यावर बसावे, आणि हैबतरावांनी म्हटले की वाघजाळ्यांचे घोडे अवखळ आहे, सरकारांनी माझ्या घोड्यावर यावे, आणि कोणाचे घोडे आधी यावर पुन्हा बोलाचाली लागली. सरकार वळोन म्हणाले, "गप्प बसा." इतकेच. त्या राज्यात सरकारांच्या तोंडून हे शब्द कोणी ऐकिले नव्हते. मग घोड्यावर चढवू पाहिले, परंतु मांडी फाकेना, वेदनेने डोळे पांढरे जाहले. शेवटी वरून लाकडे भरोन एक बैलगाडी येत होती, ती रिकामी करविली, वळविली, आणि तीत गोणपाट घालोन सरकार बसले. माथ्यावर पोचावयास दुपार टळली.

व्याह्यांच्या वाड्यापुढे माणसे जमली होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. विहीणबाई, कमळजाबाई, दारात उभ्या होत्या. त्या बाईनेच त्या वेळी पाट डावीकडे मांडविला होता. सरकार गाडीतून उतरले, अंगास लाकडांचा भुसा, पागोटे हातात. कमळजाबाईंनी मागील घोडी पाहिलीही नाहीत. म्हणाल्या, "या. पाणी घ्या आधी."

सरकार म्हणाले, "गुणाऊ?"

"गेली. तासाभरापूर्वी."

सरकार ओट्यावर बसले. बाईंनी तांब्या त्यांच्यापुढे ठेविला आणि आपणही खालीच बसल्या. मग हळू बोलू लागल्या, "सकाळी शुद्धीवर होती. घाटातनं आवाज यायला लागला तशी म्हणाली, आबांची मोटार. आम्ही म्हटलं, एवढ्या लांबनं काय कळतंय तुला? म्हणाली, लहानपणी त्यातच तर झोपायचे मी. मग म्हणाली, मला उठवून बसवा. बसवलं. केस विंचरून घेतले, कुंकू लावून घेतलं. दाराकडं बघत होती. आवाज जवळ आला, अगदी जवळ. मग बंद पडला."

सरकार म्हणाले, "मोटार बंद पडली. पान फुटलं. मी चालत—"

"आता सांगताय म्हणून कळलं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी म्हटलं, अगं, येतील, घाट आहे. ती म्हणाली, नाही, परत फिरले. मी म्हटलं, असं कसं फिरतील? म्हणाली, फिरतात ते." कमळजाबाईंनी तांब्या आणखी पुढे सारिला. "मग मला भिंतीकडं तोंड करून निजवा म्हणाली. पुन्हा बोलली नाही."

सरकारांनी पाणी घेतले नाही. आत गेले तेव्हा लेकीचे विंचरलेले केस उशीवर होते, भांगही मोडला नव्हता. ते तिच्यापाशी बसले आणि मोठ्याने रडले, राजाने रडू नये तैसे रडले, आणि बाहेर दहा मानकऱ्यांनी ते ऐकिले.

मोटार बैल जुंपोन खाली आणिली आणि पागेत ठेविली. वर्षाने, समुद्रावरची वाट थोडी मोकळी जाहल्यावर, दुसरे ग्यासकीट मिळाले. सरकारांनी मानकऱ्यांस बोलाविले नाही. निंबाजीराव आपण होऊन आले, तर पागेचे दार आतून लावलेले. सरकारांनी स्वतः बाह्या सारिल्या, दस्तगीरने शिर ठेविले, आणि सरकारांनी पाना घेतला आणि मधला बोल्ट आवळिला, मग दुसरा मधला, मग एक या अंगाचा, एक त्या अंगाचा, तीन खेपांत, थोडे थोडे, जैसे पुस्तकात आहे तैसे. एकही आवळ चुकला नाही. पाणी भरिले, तेल भरिले, आणि मोटार पहिल्या झटक्यास सुरू जाहली, एक थेंब पाझरला नाही.

दस्तगीर चाकावर बसला आणि म्हणाला, "कुठं जायचं, हुजूर?"

सरकारांनी पाना पुसोन जागेवर ठेविला. मग म्हणाले, "बंद कर."

इति ती हकीकत. पुढे सरकारांनी आणखी काही वर्षे राज्य केले, दहा घरे नांदली, मानाचे क्रम जैसे होते तैसे राहिले. मोटार चालू स्थितीत आहे. कोणी बसत नाही. ऐकणाराचे भले होवो, आणि त्याच्या वाटेकडे कोणी डोळे लावोन बसले असेल तर त्याने वेळेवर पोचावे.